भिजलेले ट्रेकिंगचे बूट: पुण्याच्या पावसाळ्यात वाळवायचे कसे, वाचवायचे कसे

जुलै-ऑगस्टमधल्या सोमवारी पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीचा जिना चढा, दोन-तीन दारांबाहेर तरी चिखलाने माखलेले बूट दिसतातच. रविवारी राजगड नाहीतर अंधारबन झालेलं असतं, मालक ऑफिसला गेलेला असतो आणि बूट आतून चिंब, लेस तशाच आवळलेल्या, गुरुवारपर्यंत तिथेच पडून. गुरुवारी कुबट वास सुटतो, शनिवारी टाचेपाशी पांढरा बुरा दिसतो आणि पुढच्या मोसमात ऐन उतारावर सोल तोंड उघडतो. मग दोष कंपनीला.

खरं तर एकदा-दोनदा भिजल्याने चांगला बूट बिघडत नाही. तो बिघडतो नंतर घरी: एकतर चार-चार दिवस ओला राहिल्याने, नाहीतर सोमवारी सकाळी हवेत म्हणून रात्रीतून तापवून वाळवल्याने. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण बुऱ्यावर उपाय आहे, करपलेल्या कातड्यावर नाही. म्हणून या लेखात सगळा भर हवेवर आहे. उष्णता जितकी कमी तितकं बरं.

आधी आपला बूट कशाचा आहे ते बघा

ट्रेकिंगच्या बुटात पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू एकमेकांना चिकटवलेल्या असतात आणि प्रत्येकीची कुरकुर वेगळी. वरचा भाग गुळगुळीत कातड्याचा असेल, मखमली दिसणाऱ्या स्वेडचा किंवा नुबकचा असेल, नाहीतर जाळीदार नायलॉनचा. आत फोम आणि अस्तर. त्यावर सुटा निघणारा सुकतळा, ज्याला दुकानात इनसोल म्हणतात. खाली मऊ मिडसोल, त्याखाली रबरी सोल, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं सोल्यूशन.

कातडं ओलं असताना फार नाजूक असतं. त्यातले तंतू पाण्याने फुगलेले असतात, आणि कोरडं असताना जे तापमान ते सहज सोसतं त्याच्या बऱ्याच अलीकडे, ओलं असताना, आकसायला लागतं. पाणी भराभर उडालं की तंतूंमधलं तेलही जागचं हलतं, तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाळलेला बूट लाकडासारखा कडक होतो. सोल चिकटवताना वापरलेला गोंद कारखान्यात बहुतेक वेळा ६० ते ७० अंश सेल्सिअसला गरम करूनच लावलेला असतो, त्यामुळे पुन्हा तेवढी ऊब मिळाली की तो पुन्हा मऊ होतो. फोमचा मिडसोल उष्णतेने आकसतो.

आता गडाच्या पायथ्याच्या घरातली चूल आठवा. मावशी मायेने म्हणतात, "ठेव की बाळा चुलीशेजारी, सकाळपर्यंत वाळतील." जेवण त्यांच्या हातचं जरूर घ्यावं, बूट मात्र पडवीतच ठेवावेत. चुलीपासून हातभर अंतरावर किती ताप असतो हे तिथे दोन मिनिटं तळहात धरला तरी समजतं. माझा ठोकताळा असा: तळहाताला जिथे सलग बराच वेळ नुसतं कोमट वाटेल, तेवढी ऊब बुटाला चालते. ४० अंशांच्या वर काहीही नको. म्हणजे शेकोटी नाही, रूम हीटर नाही, गरम झोतातला हेअर ड्रायर नाही, ओव्हन तर नाहीच नाही. उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडीसुद्धा नाही. आतलं तापमान ५० अंशांच्या वर सहज जातं.

परतीच्या वाटेवरच सुरुवात करा

बूट वाळवण्याचं निम्मं काम घरी पोचण्याआधी उरकता येतं. सॅकमध्ये साध्या चपला किंवा फ्लोटर्स आणि जुन्या वर्तमानपत्राचा एक अंक ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. पायथ्याला उतरलात, चहा सांगितलात, की बूट काढा. मोजे पिळून घ्या. सुकतळा बाहेर काढा. बूट उलटे करून आतलं पाणी जाऊ द्या, मग कागदाचे सैलसर बोळे आत भरा. वेल्ह्याहून किंवा गुंजवण्याहून पुण्यात यायला दीड-दोन तास जातात. तेवढ्यात पहिला कागद पिऊन ओला होतो आणि फेकण्याजोगा होतो.

एक गोष्ट बहुतेक जण चुकीची करतात: गाडी किंवा एसटी घाण होऊ नये म्हणून बूट पिशवीत घालून गाठ मारतात. पिशवीत घाला, पण तोंड उघडं ठेवा. गाठ मारलेली पिशवी रात्रभर डिकीत विसरली तर बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही.

धुणं: चिखल आधी, वाळवणं नंतर

"आधीच ओले आहेत, आणखी कशाला भिजवायचे?" हा प्रश्न घरोघरी येतो. भिजवायचे, कारण चिखल वाळताना कातड्यातला ओलावा आणि तेल शोषून घेतो, शिवणींमध्ये बसलेली बारीक माती प्रत्येक पावलाला दोरा घासते. आपल्याकडची गडवाटांवरची चिकण माती एकदा वाळली की ब्रशने खरवडावी लागते आणि त्यात कातड्यावर ओरखडे उठतात. ओली असतानाच ती नुसत्या पाण्याने निघते.

मोरीत किंवा ड्राय बाल्कनीत बसा. लेस पूर्ण काढा, त्या कपड्यांबरोबर धुतल्या तरी चालतात. जीभ पुढे ओढून तिच्या दोन्ही बाजूंच्या घड्या उघडा. निम्मी वाळू आणि गवताची कुसळं तिथेच दडलेली असतात. साध्या गार पाण्याच्या बारीक धारेखाली जुन्या दातांच्या ब्रशने माती सोडवा. सोलच्या खाचांतले खडे काडीने काढा. आतून गढूळ पाणी गेलं असेल तर आतही दोनदा पाणी घालून विसळा.

साबणाची गरज असेल तर कपड्यांची पावडर वापरू नका. ती अल्कधर्मी असते आणि कातडं मुळात किंचित आम्लधर्मी, त्यामुळे पावडरने ते रुक्ष पडतं. घरात रिठे असतील तर चार-पाच रिठे भिजवून केलेलं पाणी उत्तम. ते सौम्य असतं आणि मागे चिकटा राहत नाही. नसतील तर शाम्पूचे दोन थेंब. सुकतळा मात्र शाम्पूने मनसोक्त धुवा, घामाचा सगळा वास त्यातच असतो. धुतल्यावर पिळू नका, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा.

वॉशिंग मशीनचा विषय इथेच संपवतो. जाळीचे हलके धावायचे शूज एखादे वेळी निभावतात. ट्रेकिंगचे बूट मशीनमध्ये घातले की सोलचे सांधे सैल होतात, आणि मशीनचा ड्रमही शहाणपणा शिकवतो.

रद्दीचं काम

धुतल्यावर बूट अर्धा-एक तास उलटे, टाच वर करून, भिंतीला टेकवून निथळू द्या. मग रद्दी. छपाईचा साधा वर्तमानपत्री कागदच हवा. मासिकाचा गुळगुळीत कागद पाणी ओढत नाही. अस्तर पांढरं किंवा फिकट असेल तर शाई लागू नये म्हणून आधी जुन्या बनियनचा तुकडा घाला.

बोळे सैल हवेत. ठासून भरले तर दोन तोटे होतात: ओलं कातडं ताणलं जाऊन चवड्याचा आकार बिघडतो, आणि मध्ये हवा उरली नाही की वाळणंच थांबतं. चवड्याच्या टोकापर्यंत बोळा पोचला पाहिजे, कारण पाणी सगळ्यात शेवटी तिथून जातं.

आणि कागद बदला! यात हयगय झाली की सगळं मुसळ केरात. पहिल्या दोन-तीन तासांत दर अर्ध्या-पाऊण तासाने, मग रात्री झोपताना एकदा, सकाळी उठल्यावर एकदा. ओला झालेला कागद आत तसाच राहिला तर तो पाणी ओढत नाही, उलट कोंडून ठेवतो. दुसऱ्या दिवशी कागद हाताला नुसता गार लागू लागला, ओला नाही, की कागदाचं काम संपलं. इथून पुढे बूट मोकळे.

तांदळाच्या डब्यात बूट खुपसण्याचा सल्ला फोनवरून फिरत असतो. तांदूळ पाणी कूर्मगतीने ओढतो, शिवणीत पीठ सोडतो, आणि पावसाळ्यात त्याला टोके लागतात. आईची बोलणी खायची असतील तरच करावं.

हवा: पुण्यातली खरी अडचण

पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, घाटमाथ्याच्या मानाने काहीच नाही. पण जुलैत रिपरिप आठवडाभर चालते आणि सकाळच्या हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. अशी हवा आधीच पाण्याने भरलेली असते, ती बुटातलं पाणी घेणार कुठे? म्हणून गॅलरीत टांगलेले बूट चार दिवसांनीही ओलेच राहतात. मोकळी हवा मे महिन्यात उपयोगाची, संततधारेत खोली बरी.

थोडीशी ऊब इथे किती मोठा फरक करते ते आकड्यात बघण्यासारखं आहे. बाहेरची हवा २४ अंशांवर असेल आणि तिची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल, तर तीच हवा ३० अंशांपर्यंत तापल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता ६३ टक्क्यांच्या आसपास येते. हवेतलं पाणी तेवढंच, पण आणखी पाणी घ्यायची तिची ताकद कितीतरी वाढली. सहा अंशांत एवढं होतं. त्यासाठी चूल पेटवायची गरज नाही. फ्रिजच्या बाजूची भिंत जिथे कोमट असते ती जागा, किंवा ज्या खोलीत चार माणसं वावरतात आणि दिवे चालू असतात ती खोली पुरते.

आता प्रत्यक्ष मांडणी. टेबल फॅन घ्या. छताचा पंखा उपयोगी पडतो तो बुटाच्या बाहेरून, आत त्याची हवा जात नाही. बूट एका स्टुलावर किंवा दोन विटांवर आडवे ठेवा, तोंडं पंख्याकडे. लेस काढलेल्या, जीभ पूर्ण पुढे खेचलेली. तोंड मिटत असेल तर आत एक लाकडी चमचा आडवा अडकवा. पंखा मध्यम गतीवर, फूट-दीड फुटावरून. दर काही तासांनी बूट कुशीवर पालटा, म्हणजे खालची बाजूही सुकते. पंखा रात्रभर चालला तरी वीज फारशी लागत नाही, आणि घरातल्यांना त्याच्या आवाजाची सवय असतेच.

एसी असेल तर पावसाळ्यात तो खरा कामाला येतो. बूट त्या खोलीत ठेवून दार-खिडक्या बंद करा आणि ड्राय मोड लावा. हा मोड हवेतलं पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकतो, म्हणून खोलीतली हवा दोन-तीन तासांत कोरडी होते. सोबत टेबल फॅन असेल तर याहून चांगला बंदोबस्त घरात होत नाही.

मध्येच उघडीप मिळाली, श्रावणातलं कोवळं ऊन पडलं, तर बूट जरूर बाहेर काढा, पण झाडाच्या किंवा ग्रिलच्या सावलीत. सुकतळा आणि लेस थेट उन्हात चालतील. कातडं थेट उन्हात फार तर दहा-पंधरा मिनिटं, तेही जवळजवळ वाळल्यावर.

जाळीचे बूट या पद्धतीने साधारण दीड दिवसात कोरडे होतात. कातड्याच्या जाड बुटांना तीन, कधी चार दिवस लागतात. दर रविवारी गड गाठायचा असेल तर पावसाळ्यासाठी कातडी बूट हे चुकीचं वाहन आहे, एवढं सांगून पुढे जातो.

वॉटरप्रूफ बुटांचं वेगळं दुखणं

गोर-टेक्ससारखं पटल असलेले बूट पुण्यात हौसेने घेतले जातात. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक झटक्याने ताणून हे पटल बनवलं. त्यातली छिद्रं पाण्याच्या थेंबाला आत शिरू देत नाहीत, पण घामाची वाफ बाहेर सोडतात. दवात, बर्फात, हलक्या पावसात हे झकास चालतं. आपल्याकडे पाणी येतं ते वरून, घोट्याच्या काठावरून, गुडघाभर ओढा ओलांडताना. जे पटल पाण्याला बाहेर थोपवतं तेच पटल मग त्याला आत कोंडतं. असे बूट उलटे करून, कागद जास्त वेळा बदलून आणि पंखा थेट तोंडात सोडून वाळवावे लागतात, आणि जाळीच्या बुटांपेक्षा दुप्पट वेळ धरावा लागतो. सह्याद्रीच्या पावसाळ्यासाठी मी तरी साधे, पाणी आत घेणारे आणि लगेच सोडणारे, खालून चांगली पकड असलेले बूटच सुचवेन. स्वस्तही पडतात.

वाळले की नाही, कसं ओळखायचं

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नाही. अस्तर आधी वाळतं, फोम आणि कातड्याचा गाभा नंतर. दोन खुणा भरवशाच्या. पहिली, बोटं चवड्याच्या टोकापर्यंत घालून बघा: खोलीतल्या इतर वस्तूंपेक्षा तिथे गार लागत असेल तर बाष्पीभवन अजून चालू आहे. दुसरी खूण स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्याची. मे महिन्यात बूट खडखडीत कोरडे असताना प्रत्येकी वजन करून तो आकडा सुकतळ्याच्या मागच्या बाजूला पेनने लिहून ठेवा. पावसाळ्यात वाळवल्यावर वजन त्याच्या दहा-वीस ग्रॅम आसपास आलं की समजा झालं. शंभर ग्रॅम जास्त भरत असेल तर अर्धा पेला पाणी अजून आतच आहे, वरून कितीही कोरडं दिसो.

कातड्याला खाऊ घालणं

हा टप्पा फक्त कातडी बुटांसाठी. धुण्यात आणि वाळण्यात गेलेलं तेल परत द्यावं लागतं, नाहीतर बोटांच्या मागे, जिथे बूट दुमडतो, तिथे आडव्या भेगा पडतात.

घरात पहिला हात खोबरेल तेलाकडे जातो. कोल्हापुरी चपलेला तेल पाजायची आपली रीत आहेच, पण ते कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं, जाड आणि तहानलेलं. ट्रेकिंगच्या बुटाचं कातडं बहुधा क्रोमने कमावलेलं असतं. ते तेलाने गरजेपेक्षा मऊ पडतं, घोट्याचा आधार ढिला होतो, आणि वर राहिलेल्या तेलावर पावसाळ्यात बुरा झपाट्याने धरतो. शिवाय पुण्याच्या थंडीत खोबरेल थिजतं. म्हणून मेणाचा भर असलेलं, बुटांसाठीचं लेदर क्रीम किंवा डबिन (मेण-तेलाचं घट्ट मलम) घ्या. नेहमीची काळी पॉलिश चमक देते, पोषण फारसं नाही.

लावताना बूट जवळजवळ वाळलेला पण किंचित दमट असावा. ही मलई, म्हणजे क्रीम किंवा डबिन, त्या वेळी आत जाते. जुन्या सुती कापडावर नखभर घेऊन गोल गोल चोळा, शिवणींवर आणि जिभेच्या सांध्यावर जरा जास्त. रात्रभर ठेवा. सकाळी कोरड्या कापडाने पुसा. कातडं अजून फिकट आणि रुक्ष दिसलं तर दुसरा पातळ हात. एकदम जाड थर दिला तर वर चिकट बसतो आणि धूळ धरतो. पाणी परतवणारं मेण मात्र पूर्ण वाळल्यावर, सगळ्यात शेवटी. आधी लावलं तर ओलावा आत कोंडला जातो.

स्वेड आणि नुबकला हे काहीही लावू नका. वाळल्यावर ताठ ब्रशने एकाच दिशेने केस उठवा, चकचकीत झालेले डाग शाळेच्या साध्या खोडरबराने घासा, आणि हवं तर पाणी परतवणारा स्प्रे मारा.

बिघाड झालाच असेल तर

बुरा. बूट घराबाहेर न्या, नाकाला रुमाल बांधा. बुरशीचे कण घरात झटकू नका. कोरड्या ब्रशने झाडा, मग औषधाच्या दुकानात मिळणारं सर्जिकल स्पिरिट आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात बुडवलेल्या कापडाने आतबाहेर पुसा. आधी जिभेच्या आतल्या कोपऱ्यात रंग जातो का ते बघा. नंतर पंखा, आणि कातडं असेल तर मलई. ब्लीच कातड्याला लावू नका. आणि ज्या शू रॅकमध्ये बुरा आला तो रॅकही पुसा, नाहीतर दहा दिवसांत पाहुणा परत.

पांढरे वेडेवाकडे डाग बहुधा बुरा नसतात. घामातले आणि पाण्यातले क्षार असतात. बुरा बोटाने पुसला जातो, क्षार खरखरीत लागतात. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कापड पिळून पुसायचं, मग साध्या ओल्या कापडाने.

वास. सुकतळा धुतल्यावर निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्यासाठी खायचा सोडा पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून रात्रभर आत ठेवा. जाळीच्या बुटात थेट भुरभुरला तरी चालेल, कातड्यावर नको, तोही अल्कधर्मी. डांबरगोळ्या घालू नका. एक वास जाऊन दुसरा पायांना चिकटतो.

आधीच लाकडासारखा कडक झालेला बूट. मागच्या वर्षी ओला टाकलेला, आता वाकतही नाही, असा. कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने संपूर्ण कातडं दमट करा, अर्ध्या तासाने पातळ मलई, रात्रभर विश्रांती, सकाळी हाताने हलकेच वाकवा. असं तीन-चार दिवस. पूर्वीसारखा होईलच असं नाही, पण पायात घालण्याजोगा होतो. जबरदस्तीने वाकवलात तर चरचरत भेग पडेल, आणि भेग कशानेही भरून येत नाही.

गंजलेले हुक आणि लेसच्या कड्या कोरड्या करून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन पुसा. जास्त नको, ते तेल कातड्यावर डाग पाडतं.

सोल सुटला

गडावर सुटला तर चिकटपट्टी किंवा जास्तीची लेस चवड्याभोवती गुंडाळून, गाठ वरच्या बाजूला मारून उतरता येतं. म्हणून सॅकमध्ये इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी असू द्या.

घरी आल्यावर पहिला मोह फेविक्विकचा. तो ताठ वाळतो, सोल वाकतो, दोन पावलांत तडकतो, आणि वर त्याचा कडक थर खरवडल्याशिवाय दुसरा गोंद धरत नाही. फेविबॉंडसारखा रबरी गोंद घ्या. बूट पूर्ण कोरडा हवा, ही अट पहिली. जुना गोंद खरवडा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरबरीत करा, स्पिरिटने पुसा. दोन्ही बाजूंना पातळ थर लावा आणि लगेच चिकटवू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासा झाला की मग अचूक जुळवून दाबा. पहिल्या स्पर्शालाच धरतो, सरकवता येत नाही. वर दोरी घट्ट गुंडाळून चोवीस तास ठेवा.

त्यापेक्षाही कोपऱ्यावरचे मोचीकाका बरे. त्यांच्याकडचं सोल्यूशन ताजं असतं आणि ते कडेने नायलॉनच्या दोऱ्याची शिलाई मारून देतात. शिलाईच्या भोकांतून थोडं पाणी येतं; वॉटरप्रूफ बूट असेल तर विचार करून सांगा, साध्या बुटाला बिनधास्त मारून घ्या. फक्त त्यांच्याकडे धुतलेला आणि वाळलेला बूट न्या. ओल्या बुटावर गोंद धरला नाही तर दोष त्यांचा नसतो.

एक दुखणं मात्र कोणीच बरं करत नाही. बऱ्याच बुटांचा मिडसोल पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या बाष्पाशी त्याची हळूहळू रासायनिक क्रिया होते आणि तो आतून भुगा होतो. बूट बनल्यापासून साधारण ५ ते १० वर्षांत हे घडतं, दमट उष्ण हवेत लवकर, आणि खोक्यात न वापरता ठेवलेल्या बुटालाही चुकत नाही. कपाटातले "नवेकोरे" बूट काढून गडावर गेल्यावर दोन्ही सोल एकाच दिवशी निसटतात ते यामुळे. मिडसोलच्या कडेला अंगठ्याचं नख रोवून बघा. खपली निघाली, भुकटी पडली किंवा चिकट लागलं, तर गोंदाचा खर्च करू नका. ज्या पृष्ठभागाला गोंद धरायचा तोच उरलेला नाही. जुन्या बाजारातून वापरलेले बूट उचलताना ही नखाची परीक्षा विक्रेत्यासमोरच करा.

पुराच्या पाण्यात बुडालेले बूट

हे प्रकरण वेगळं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत जे होतं ते सगळं नदीच्या आणि गटाराच्या मिश्रणात भिजलं. ओढ्याच्या पाण्याचे नियम इथे लागू होत नाहीत. असे बूट रबरी हातमोजे घालूनच हाताळा, पायाला जखम असेल तर त्या पाण्यात उतरूही नका. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार अशाच पाण्यातून होतो. सुकतळा सरळ टाकून द्या. जाळीचा बूट वाहत्या पाण्यात चांगला धुऊन, बाटलीवरच्या प्रमाणात केलेल्या जंतुनाशकाच्या पाण्यात भिजवून वाचवता येतो. जाड फोम असलेला कातडी बूट रात्रभर बुडालेला असेल तर मी ठेवणार नाही.

ऑक्टोबरमध्ये

पाऊस उघडला की एक पूर्ण दिवस सगळे बूट सावलीत वारा देऊन, काट्यावर वजन तपासून मगच आत ठेवा. मूळ खोकं पुठ्ठ्याचं असेल तर चालतं, प्लॅस्टिकची पिशवी नाही. आत कोरड्या कागदाचे बोळे, आकार टिकण्यासाठी. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या ओलावा पिऊन भरल्या की निरुपयोगी होतात. जागा भिंतीला न टेकणारी हवी. पुण्यातल्या जुन्या इमारतींच्या पश्चिमेकडच्या भिंती दिवाळीपर्यंत सर्द असतात.

जे बूट नखाच्या परीक्षेत नापास झाले ते ठेवून उपयोग नाही. लेस, चांगला सुकतळा काढून घ्या. वरचं कातडं धड असेल तर मोचीकाकांना विचारा. दुसऱ्याच्या बुटाला ठिगळ लावायला ते त्यांच्या उपयोगी पडू शकतं.